पक्षाघात : मेंदूचा हिशेब मिनिटांत



जमाखर्चाची पत्रके संपली की अहवालात एक आरोग्यविषयक लेख द्यावा, अशी आपली प्रथा आहे. एरवी हा लेख वैद्यकीय अधिकारी लिहितात. या वर्षी ते काम प्रशासनाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य पावतीपुस्तके आणि खतावण्या यांत गेले. लेखातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. मते मात्र माझी आहेत आणि त्यांत काही कमीअधिक असल्यास दोषही माझाच.

गेल्या पन्नास वर्षांत मेंदूविषयी जेवढे कळले, तेवढे त्यापूर्वीच्या सर्व काळात मिळून कळले नव्हते असे म्हणतात. तो सर्व पसारा येथे मांडणे शक्य नाही. म्हणून आपल्या तालुक्यातील बहुतेक प्रत्येक वाड्यावस्तीला परिचित असलेला एकच विकार निवडला आहे. त्यास शास्त्रीय भाषेत पक्षाघात म्हणतात. आपण अर्धांगवायू, लकवा किंवा नुसते ‘पॅरालिसिसचा अटॅक’ म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वी या आजारावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आज आहे, पण ते घड्याळाला बांधलेले आहे आणि ते घड्याळ रुग्णालयात नव्हे, घरात सुरू होते.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. एवढा मोठा गिऱ्हाईक असूनही त्याच्याकडे गोदाम नाही. आलेला माल तत्क्षणी खर्च होतो, शिल्लक काही राहत नाही. त्यामुळे मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या चेतापेशी काही मिनिटांतच संकटात येतात. दुसरा प्रकार रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचा. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात गुठळी विरघळवायची असते. दुसऱ्यात तेच औषध दिल्यास रुग्ण दगावू शकतो. हा निवाडा नाडी पाहून किंवा अनुभवाने होत नाही, त्यासाठी सी.टी. स्कॅनच लागतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन निघाला. तोपर्यंत जिवंत माणसाच्या कवटीत गुठळी आहे की रक्तस्राव, हे खात्रीने सांगणे फार अवघड होते.

या दोन प्रकारांचे प्रमाण काय, याची मुंबईत नोंद झालेली आहे. लीलावती रुग्णालयाचे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतील एका निश्चित लोकवस्तीत पक्षाघाताचा प्रत्येक नवा रुग्ण शोधून नोंदवला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार आयुष्यातला पहिला पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना गुठळीचा आणि सुमारे १८ टक्क्यांना रक्तस्रावाचा प्रकार होता. अठ्ठावीस दिवसांच्या आत शंभरातील जवळजवळ ३० रुग्ण मरण पावले. ही मुंबईची गोष्ट आहे, जेथे मोठे रुग्णालय फार दूर नसते.

उपच्छाया

पूर्वी अशी समजूत होती की जो भाग बंद पडला तो गेला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये सायमन, अ‍ॅस्ट्रप इत्यादी संशोधकांनी दाखवले की बंद पडलेला भाग आणि मेलेला भाग हे दोन वेगळे असतात. मेंदूच्या शंभर ग्रॅम भागातून दर मिनिटाला साधारणतः ५० मिलिलिटर रक्त वाहते. हा प्रवाह २०च्या आसपास उतरला की चेतापेशी काम थांबवतात. १०च्या खाली गेला की त्या मरू लागतात. गुठळीच्या ऐन मध्यभागी प्रवाह जवळजवळ शून्य असतो, तेथील पेशी लवकर जातात. परंतु सभोवतालच्या भागाला शेजारच्या रक्तवाहिन्यांतून थोडेथोडके रक्त मिळत राहते. तेथील पेशी मुक्या झालेल्या असतात, पण जिवंत असतात. ग्रहणात गडद छायेभोवती जी फिकट छाया पडते तिला खगोलशास्त्रात उपच्छाया म्हणतात. या भागालाही शास्त्रज्ञांनी तेच नाव दिले.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे लगेच समजले, कारण आमच्या खात्यांतही बुडीत कर्ज आणि संशयित येणे अशा दोन स्वतंत्र रकमा असतात. बुडीत रकमेचा शोक करून उपयोग नसतो. संशयित येणे मात्र वेळेवर तगादा लावल्यास वसूल होते आणि वेळ दवडल्यास तेही बुडिताच्या खात्यात जाते. पक्षाघातानंतरचे पहिले काही तास हे त्या वसुलीचे तास आहेत.

अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली या नुकसानीचा अंदाज मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या सरासरी रुग्णात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. म्हणजे तासाला ११ कोटी ४० लाख. संपूर्ण मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, तेव्हा भांडवल अफाट आहे हे खरे. पण बोलणे, गिळणे, हात उचलणे या प्रत्येक कामाची पेढी मेंदूत ठरलेल्या जागी असते, आणि एका पेढीचे दिवाळे निघाले की दुसऱ्या पेढीतील शिल्लक तेथे लगेच वळवता येत नाही. हा आकडा सरासरीचा आहे. कोणाचे नुकसान सावकाश होते, कोणाचे फार वेगाने.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा निर्णायक अभ्यास १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत औषध दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्के तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होते. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. शंभरातील सुमारे सहा जणांना औषधामुळे मेंदूत रक्तस्रावही झाला, हे सांगितले नाही तर हिशेब अपुरा राहील. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असे सिद्ध झाले. २०१५ साली नेदरलँड्स आणि अन्य देशांतील अभ्यासांनी दाखवले की मोठ्या वाहिनीतील गुठळी मांडीतील रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन ओढून काढता येते. निवडक रुग्णांत तर चोवीस तासांपर्यंतही याचा उपयोग होतो, असे २०१८ साली दिसून आले. हे वाचून ‘म्हणजे चोवीस तास आहेत’ असे कृपया कोणी समजू नये. ती सवड ज्यांची उपच्छाया दीर्घकाळ टिकून आहे अशांनाच मिळते, आणि आपला रुग्ण त्यांपैकी आहे की नाही हे स्कॅन केल्याविना कळत नाही.

गडचिरोलीची नोंद

पक्षाघात हा शहरातील सुखवस्तू माणसाचा आजार आहे, असा समज आपल्याकडे आहे. मीही तसेच समजत होतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या अभ्यासाने तो खोटा ठरवला. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील ९४,१५४ लोकवस्तीत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण, घरच्यांना पद्धतशीर प्रश्न विचारून, निश्चित केले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले. म्हणजे १४.३ टक्के, बरोबर सातांत एक. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण हे होते. हिवताप नव्हे, क्षय नव्हे, सर्पदंश नव्हे. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातील एक आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. पक्षाघाताने मेलेल्यांपैकी ८७.३ टक्के माणसे आपल्या घरी मेली. सरासरी वय ६७, जवळजवळ निम्म्या स्त्रिया. घरी मरण येणे आपल्याकडे भाग्याचे मानतात. पण रुग्णालय, स्कॅन, इंजेक्शन यांचा जो उल्लेख मी वर केला, तो सर्व त्या दहांतील जवळजवळ नऊ जणांच्या मृत्यूसमयी तरी त्यांच्याजवळ नव्हता, एवढाच अर्थ मी काढतो.

उरण म्हणजे गडचिरोली नव्हे. येथे बंदर आहे, तेल व वायू प्रकल्प आहे, जानेवारी २०२४ पासून रेल्वे आहे. त्याच महिन्याच्या १२ तारखेस उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू चिर्ल्यापाशी आपल्याच तालुक्यात उतरतो. तरीही वेळ जातो, आणि तो कसा जातो हे मी स्वानुभवाने सांगतो.

२०११च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. बाबा नेहमीप्रमाणे पहाटे उठले, आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, आणि साडेपाचच्या सुमारास चहाचा पेला त्यांच्या उजव्या हातातून गळून पडला. आई म्हणाली, “पित्त झालं असेल, जरा पडू दे त्यांना.” बाबा काही सांगत होते, पण शब्द लागत नव्हते. शेजारच्या काकूंनी तळपायाला कोमट तेल चोळले. कोणी म्हणाले कबुतराचे रक्त चोळल्यास लकवा उतरतो. ते मात्र मी होऊ दिले नाही, आणि तेवढ्यावरच स्वतःला सुशिक्षित समजलो. ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना दहाला उघडायचा, म्हणून दहापर्यंत थांबलो. तेथे रक्तदाब वाढलेला निघाला आणि जिभेखाली एक कॅप्सूल फोडून दिली गेली. मग भाड्याची गाडी, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, आणि नवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटचे ठीक केव्हा होते?” मी सांगितले, आणि त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिले.

साडेपाच ते दहा. साडेचार तास. ज्या मुदतीत इंजेक्शन देता आले असते, नेमकी तेवढी मुदत मी दवाखाना उघडण्याची वाट पाहण्यात घालवली होती, आणि तेव्हा मी रुग्णालयातच नोकरीला होतो. इंजेक्शनने बाबा बरे झालेच असते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. वरील आकडे पाहता शंभरातील अनेकांना त्याचा पूर्ण लाभ होतही नाही. परंतु त्या यादीत त्यांचे नाव घालण्याची संधीच मी दिली नाही. जिभेखालच्या कॅप्सूलविषयी नंतर कळले की पक्षाघातात वाढलेला रक्तदाब बहुधा उपच्छायेपर्यंत रक्त पोहोचवण्याची शरीराची धडपड असते. तो एकदम खाली आणल्यास उरलासुरला पुरवठाही तुटू शकतो.

घरच्यांनी काय करावे

तोंड एका बाजूला ओढले गेले आहे का, हे हसायला सांगून पाहावे. दोन्ही हात समोर धरायला सांगावेत. एक हात खाली घसरतो का पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणवून घ्यावे. तिन्हींपैकी एक जरी बिघडलेले असेल, किंवा अचानक दिसेनासे झाले, तोल गेला, तर पक्षाघात समजूनच चालावे. काही वेळाने आपोआप बरे वाटले तरीही निघावे. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. रुग्णास पाणी, चहा, औषध काही देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुफ्फुसात जाते. घरात अ‍ॅस्पिरिनची गोळी असली तरी देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव हे अजून ठरलेले नाही. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसली तर झोपण्यापूर्वीची वेळ धरावी. नेहमीच्या औषधांची पाकिटे सोबत घ्यावीत, विशेषतः रक्त पातळ करणारी.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. तिला अवश्य फोन करावा, पण दारात चारचाकी उभी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर माझे मत निघण्याचे आहे. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नाही, हे ध्यानात असू द्यावे. घारापुरीच्या तिन्ही बंदरांतील रहिवाशांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे रात्री पहिली गरज होडीची असते, आणि होडी कोणाची, चालवणार कोण, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

आता आपल्या रुग्णालयाविषयी एक स्पष्ट गोष्ट, जी विश्वस्तांच्या सभेतही मी मांडली आहे. आपल्याकडे सी.टी. स्कॅनची सोय नाही. अशा स्थितीत पक्षाघाताचा रुग्ण आला, तर त्यास दाखल करून सलाईन लावणे ही सेवा नव्हे. रक्तातील साखर तपासावी, कारण साखर उतरल्यानेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात आणि ती काही मिनिटांत दुरुस्त होतात. श्वास आणि रक्तदाब पाहावा, शीर उघडी ठेवावी, पुढच्या रुग्णालयास दूरध्वनीवरून कळवून रुग्णास वाटेला लावावे. या कामाचे बिल अत्यल्प होते आणि खाट रिकामी राहते. वार्षिक पत्रकात हे काम कोठेच दिसत नाही. दिसावे म्हणून यंदापासून आकस्मिक विभागाच्या नोंदवहीत ‘शेवटचे ठीक दिसल्याची वेळ’ आणि ‘येथून निघाल्याची वेळ’ असे दोन रकाने आखले आहेत.

झटक्यानंतर

पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोका या डॉक्टरांनी एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. तो रुग्ण कित्येक वर्षे ‘तां’ एवढाच उच्चार करू शके. समोरच्याचे बोलणे मात्र त्याला कळे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात बिघाड सापडला, आणि वाणीचे स्थान ठरले. बाबांचेही असेच झाले. ‘पाणी’ म्हणता येत नसे, माझे नाव घेता येत नसे. पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की ते शब्दांसह म्हणत. पाहुण्यांना वाटे की म्हातारा सोंग करतो आहे. सोंग नव्हते. पाठांतर आणि चाल यांचा मार्ग नव्याने वाक्य जुळवण्याच्या मार्गाहून काहीसा वेगळा असतो, आणि एक तुटला तरी दुसरा शाबूत राहू शकतो. हे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर घरातील पुष्कळ चिडचिड टळली असती.

मेंदू स्वतःची मांडणी बदलू शकतो, हे या काळातील मोठे संशोधन आहे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते नऊ महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेल्या २२२ रुग्णांपैकी एका गटाचा चांगला हात दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मोज्यात बांधून ठेवला, आणि दुर्बल हाताकडून कसून काम करून घेतले. त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. ज्यांच्या हातात थोडीफार हालचाल परतली होती अशांनाच हे लागू आहे. उलट, झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवणे हितकर नसते, हे २१०४ रुग्णांच्या एका अभ्यासाने २०१५ साली दाखवले. तेव्हा ‘उठवा, चालवा’ असा हट्ट पहिल्या दिवशी करू नये.

आणखी एक अभ्यास खास आपल्या देशातला आहे. घरच्या माणसालाच व्यायाम शिकवून त्याच्याकडून रुग्णाची सुधारणा घडवता येईल का, हे भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर पाहिले गेले. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होते, फरक शून्य. यावरून व्यायाम निरुपयोगी आहे असे ठरत नाही, नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते. पण मी त्याचा एक घरगुती अर्थ घेतो. रुग्ण उभा राहिला नाही, तर ‘सुनेने नीट केले नाही’ असे जे आपल्या घरांत बोलले जाते, ते बोलण्यास आधार नाही. बाबा सहा वर्षे जगले. त्यांचे सारे माझ्या पत्नीने केले, आणि हे वाक्य तिने ऐकले आहे.

राहिला प्रश्न झटका टाळण्याचा. येथे महागडे काहीच नाही. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे आणि तो मोजल्याविना कळत नाही. औषध सुरू झाल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. मिठागरांच्या या तालुक्यात मिठाविरुद्ध लिहिणे मला जड जाते. परंतु जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आपल्याकडचे सुके बोंबील, सुकट, लोणचे व पापड मोजले तर ते न्याहारीतच संपते. सुकी मासळी शिजवण्यापूर्वी दोनतीन पाण्यांतून काढावी आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नये, असे आमच्या डॉक्टरांचे सांगणे आहे. तंबाखू व मशेरी यांविषयी निराळे लिहिण्याची गरज नसावी.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब मोजून देण्यासाठी केसपेपर काढावा लागत नाही व शुल्कही घेतले जात नाही. घरातील तिशीपुढील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी यावे. आकडा कागदावर लिहून मागावा, परिचारिका देतील.